पालक-व्हिसासाठी गुजराती जन्मदाखला

ब्रिटनमध्ये खासगी शाळेत शिकणाऱ्या 4 ते 11 वर्षांच्या मुलासोबत राहण्यासाठी आईवडिलांपैकी एकालाच पालक-व्हिसा मिळतो. मात्र वडोदऱ्यातील बऱ्याच मराठी घरांत मुलाचा जन्मदाखला गुजरातीत असल्याने नाते सिद्ध करताना अडचण येते.

दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून घेताना ते मूळाबरहुकूम असल्याचे विधान, तारीख आणि भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील त्यावर असल्याची खात्री करावी. मग दाखला आणि आईचा पासपोर्ट शेजारी ठेवून नावे अक्षरशः ताडून पाहावीत. आपल्याकडे लग्नात कधीकधी पहिले नावही बदलते. तसे असल्यास विवाहनोंदणीचा दाखला भाषांतरासह जोडणे हिताचे ठरते.

या व्हिसावर पालकाला तेथे नोकरी करता येत नाही, हे खर्चाचा हिशेब मांडताना अवश्य ध्यानात घ्यावे.