एन्जिनएक्सचा कॅशे आणि यूआरएल रीमॅपिंग: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात दोन भाषांत बातम्या देणाऱ्या साइटची नेहमीची मांडणी: मराठीचा सबडोमेन वेगळा, कन्नडचा वेगळा, मागे ओरिजिन सर्व्हर (मूळ पानं बनवणारा) एकच. पुढे एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा कॅशे (पानांच्या प्रती साठवून देणारा) लावला की तक्रार येते, "मराठी साइट उघडली तर कन्नड होमपेज दिसतंय." इथे डिस्क किंवा ब्राउझरमागे लागण्यात अर्थ नाही. आधी कॅशे-की, म्हणजे साठवलेली प्रत ज्या नावाने ओळखली जाते ते, बघा.

एन्जिनएक्सची मूळ की तीन व्हेरिएबल्सची: स्कीम, प्रॉक्सी होस्ट आणि रिक्वेस्ट यूआरआय. प्रॉक्सी होस्ट म्हणजे प्रॉक्सी पासमध्ये (रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणारी सेटिंग) लिहिलेलं नाव, वाचकाने टाइप केलेला डोमेन नव्हे. दोन्ही सबडोमेन एकाच अपस्ट्रीमकडे (मागच्या सर्व्हरकडे) जात असतील आणि कॅशेचा झोनही एकच असेल, तर दोघांच्या होमपेजची की तंतोतंत सारखी. जे पान आधी साठलं तेच सगळ्यांना. त्यामुळे कीमध्ये होस्ट घालाच.

रिक्वेस्ट यूआरआयचं दुखणं आणखी वेगळं. ते ब्राउझरकडून आलं तसंच राहतं, आतल्या रीराइटचा (एन्जिनएक्सने आत पाथ बदलल्याचा) त्याला पत्ताच नसतो. कुकी पाहून आतल्या आत दुसऱ्या पाथवर वळवलंत, तरी की जुनीच. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, म्हणजे पर्सेंट एन्कोडिंगनंतर ९ अक्षरं. नुसता 'बेळगाव' ५४ अक्षरांचा होतो. वर्डप्रेस ही हेक्स अक्षरं स्मॉलमध्ये लिहितो, ॲड्रेस बारमध्ये देवनागरी टाइप केल्यावर ब्राउझर कॅपिटलमध्ये पाठवतो. बातमी एक, कॅशेत प्रती दोन. कीमध्ये रिक्वेस्ट यूआरआयऐवजी यूआरआय हा व्हेरिएबल वापरला की दोन्ही भानगडी मिटतात, कारण तो डीकोड झालेला आणि रीराइटनंतरचा असतो. मात्र त्यात क्वेरी (यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) नसते. पान क्रमांक, शोधशब्द असे मजकूर बदलणारे पॅरामीटर कीमध्ये स्वतंत्र जोडा. शोधशब्द विसरलात तर शोधणाऱ्याला होमपेज मिळेल. फेसबुकच्या लिंकला चिकटणारा एफबीक्लिड मात्र बाहेरच ठेवा. प्रत्येक शेअरला नवी प्रत साठवून कुणाचं भलं होत नाही.

साठवणुकीत सगळ्यात जास्त फसवणारी सेटिंग म्हणजे इनॲक्टिव्ह. डिफॉल्ट १० मिनिटं. व्हॅलिड (प्रत ताजी धरायची मुदत) ७ दिवस ठेवलं तरी १० मिनिटांत कुणी मागितलं नाही तर फाइल उडते. गावपातळीच्या बातम्यांना रात्री वाचक कुठून असणार? ७ दिवस हवे असतील तर इनॲक्टिव्हही ७ दिवस करा. कीझ झोनच्या (की ठेवायच्या मेमरीच्या) १ एमबीत साधारण ८,००० की मावतात, १० एमबीत ८०,०००. मॅक्स साइज दिलाच नाही तर डिस्क भरेपर्यंत कॅशे फुगतो. यूज टेंप पाथ ऑफ ठेवा. नाहीतर तात्पुरती फाइल दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असल्यास हलवण्याऐवजी पूर्ण कॉपी होते.

रीमॅपिंगमध्ये, म्हणजे आलेला पाथ बदलून ओरिजिनला पाठवताना, घोळ होतो तो स्लॅशचा. लोकेशन '/फोटो/' असताना प्रॉक्सी पासच्या शेवटी स्लॅश दिला तर '/फोटो/' गळून पुढचा भाग ओरिजिनला जातो. दिला नाही तर अख्खा पाथ जातो. लोकेशनला स्लॅश नाही आणि प्रॉक्सी पासला आहे, तर ओरिजिनला दुहेरी स्लॅश पोचतो. प्रॉक्सी पासमध्ये होस्टच्या नावासाठी व्हेरिएबल वापरला की रिझॉल्व्हर (नावाचा आयपी पत्ता शोधणारा डीएनएस सर्व्हर) लागतो. तो नसला तरी कॉन्फिग टेस्ट बिनबोभाट पास होते आणि पहिल्याच रिक्वेस्टला ५०२ एरर येतो.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत एकाच बातमीवर झुंबड उडाली तर प्रॉक्सी कॅशे लॉक ऑन हवा, म्हणजे पान आणायला ओरिजिनकडे एका वेळी एकच रिक्वेस्ट जाते. पण तो फक्त कॅशेत नसलेल्या पानांसाठी. मुदत संपलेल्या पानांसाठी यूज स्टेलमध्ये (जुनी प्रत कधी द्यायची ते सांगणारी सेटिंग) अपडेटिंग लिहावं लागतं.

हे बदल केल्यावर अपस्ट्रीम कॅशे स्टेटस (पान कॅशेतून आलं की नाही ते सांगणारा व्हेरिएबल) हेडरमधून बाहेर काढून बघा. दुसऱ्या वेळीही मिस (कॅशेत सापडलं नाही) येत असेल तर ओरिजिन सेट-कुकी पाठवतोय का ते तपासा. तसा रिस्पॉन्स एन्जिनएक्स साठवत नाही. तो हेडर इग्नोर करायचाच असेल तर सोबत हाइडही करा, नाहीतर एकाची कुकी दुसऱ्याच्या फोनवर जाईल. तरीही शंका राहिली तर कॅशेची फाइल उघडा. सुरुवातीलाच की लिहिलेली असते.