गोदेच्या गाळातून समुद्रतळ पाहताना

अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,२०० मीटर खोलीवर ऑक्सिजन अत्यंत कमी असतो आणि तो पट्टा जिथे तळाला टेकतो, तिथे मोठे प्राणी विरळ होऊन बारीक कृमी व जिवाणू उरतात.

त्यामागचे रसायन नाशिकमध्येही पाहता येते. हातमोजे घालून गोदाकाठचा गाळ पारदर्शक बरणीत भरा, त्यात वर्तमानपत्राचे कपटे व चमचाभर जिप्सम मिसळा (हे खनिज सल्फेट पुरवते; समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुळातच विपुल असते), वर नदीचे पाणी ओता आणि झाकण सैल ठेवून बरणी उजेडात ठेवा. कागद कुजवताना जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग त्याच्याऐवजी क्रमाने नायट्रेट, मँगनीज, लोह आणि शेवटी सल्फेट वापरतात. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड लोहाशी संयोग पावून गाळ काळा करतो. हा वायू विषारी असल्याने बरणी हुंगू नये.

काही आठवडे धीर धरा. काळ्या थराची वरची सीमा दर आठवड्याला बरणीवर खुणेने नोंदवा.