दुखणं जुनं झालंय, आता कुणाला विचारायचं? कोकणातल्यांसाठी

आमच्याकडे कंबर धरली की आधी तेल, मग हाडवैद्य, मग मेडिकलवाल्याकडची गोळी, आणि वर्ष सरलं तरी दुखणं तिथंच. तीन महिन्यांच्या वर टिकलं की डॉक्टरी भाषेत ते क्रॉनिक पेन. मग प्रश्न 'एका गोळीत बरं कोण करणार' हा ठेवू नका, 'याच्यासकट कामं कशी उरकायची हे कोण शिकवेल' असा ठेवा, म्हणजे माणसं पण वेगळी शोधावी लागतात.

आधी घरच्यांसाठी एक माहिती. एमआरआय साफ आला म्हणजे दुखणं खोटं असं काही नाही, जखम भरली तरी नसा आणि मेंदू जास्तच हळवे होऊन बसतात, जरा कळ आली तरी बोंब मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झालीये ती, क्रॉनिक पेनचे वेगळे प्रकार दिलेत. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्या काकांना हे ऐकवा.

आता जायचं कुठे. आशाताईला विचारा, प्राथमिक केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी नाहीतर ओरोस. चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल जवळ पडतं, सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातातच. खिडकीवर नुसतं 'हाडाचा डॉक्टर' म्हणू नका, फिजिओथेरपी कुठल्या वारी असते ते विचारा, आणि पेन क्लिनिक, म्हणजे जुन्या दुखण्यासाठीची खास ओपीडी, आहे का तेही. हे कुणी सांगत नाही, पण पेन क्लिनिक बहुतेक ठिकाणी भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात असतं. मुंबईला भाऊ-बहीण असेल तर केईएमसारख्या मोठ्या हॉस्पिटलात त्याच विभागात चौकशी करायला सांगा, उगाच सगळी फाईल घेऊन रात्रीच्या गाडीने धावू नका. साध्या सल्ल्याला ई-संजीवनी, म्हणजे मोबाईलवरून डॉक्टरशी बोलायची सरकारी सेवा, फुकट आहे, रेंज मिळेल तिथं जाऊन बसायचं एवढंच.

डॉक्टरपुढे दोन मिनिटं मिळतात, म्हणून घरून कागद लिहून न्या. 'खूप दुखतं' लिहून काय कळणार? 'लावणीला वाकले की थोड्याच वेळात डाव्या पायाला मुंग्या येतात, पाटावरून उठताना भिंत धरावी लागते, पहाटे चारला जाग येते' असं लिहा. खाली चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, पुड्या. लपवू नका हं! पेनकिलर महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो, आणि लेबल नसलेली पुडी दोन दिवसांत जादू करत असेल तर त्यात स्टिरॉइड असायची शक्यता असते. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरला दाखवा आणि मग काय ते.

फिजिओने दिलेला व्यायाम एकटीने होत नाही हो, बचत गटातल्या दोघीतिघी जमवा, गुडघे तर सगळ्यांचेच कुरकुरतात. कामाचं पण तसंच. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं आगर झाडायचं आणि पुढचे चार दिवस आडवं पडायचं, ही सवय आपली सगळ्यांची. त्यापेक्षा मोबाईलवर गजर लावून सुपाऱ्या सोला, वाजला की उठायचं, काम उरलेलं असलं तरी. घरात पण मोघम बोलू नका, 'विहिरीचं पाणी मी ओढणार नाही, भाकऱ्या करेन' असं सरळ सांगितलेलं बरं पडतं.

सतत दुखून झोप उडते, जीव नकोसा होतो, त्यात लाजायचं काही नाही. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

आणि यात मात्र वाट बघत थांबायचं नाही: लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद अचानक गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. दुखण्यासोबत ताप किंवा वजन उतरणं असेल तर पुढच्या ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, लगेच दाखवा.