मधमाशीची पेटी घ्यायच्या आधी बांध बघा

दर जानेवारीत कोणीतरी विचारतंच, कांद्याचं बी धरलंय, परागीकरणाला मधमाशीची पेटी कुठे मिळेल. मिळेल हो, पण आधी बांधावरनं एक चक्कर मारा. मी स्वतः मे महिन्यात सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी आणली होती, आजूबाजूला फूल नाही, पाणी नाही, बारा दिवसात पेटी रिकामी. सातेरीचं असंच असतं, खायला नसलं की ती सरळ घर सोडते, त्यात तिची काय चूक.

तर पहिलं काम म्हणजे काय काय आधीपासून आहे ते बघणं. सकाळी नऊ-दहाला वांग्याच्या प्लॉटमध्ये दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पोटावर निळसर पट्टे असलेली एक माशी फुलाला लटकून घर्रर्र आवाज काढते बघा. वांगं-टोमॅटोचे परागकण नळीत असतात, टोकाच्या भोकातून मिठाच्या डबीसारखे हलवूनच बाहेर पडतात, आणि ते हलवायचं काम सातेरीला जमत नाही, या माशीला जमतं, मोठ्या काळ्या भुंग्याला जमतं. हा भुंगा तुरीवर आणि शेवग्यावर पण असतो. गुलाबाच्या पानाला कर्कटकाने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर लगेच औषध मारू नका, पानकापी माशी घरट्याला अस्तर लावायला ते नेते, झाडाचं काही बिघडत नाही.

या सगळ्या एकट्या राहणाऱ्या माश्या, त्यांना पेटी नको, जागा हवी. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत बीळ करते, म्हणून बांधाच्या उताराचा दोन-तीन हात तुकडा मोकळा ठेवा, नांगरू नका, मल्चिंग पेपर टाकू नका. पानकापीसाठी बांबूचे वीतभर तुकडे करायचे, एका बाजूला पेर बंद राहील असे, आतलं भोक पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक, भुंग्यासाठी अंगठ्याएवढं, पंधरा-वीस एकत्र बांधून गोठ्याच्या वळचणीला पूर्वेकडे तोंड करून आडवे टांगायचे. पाऊस आत जाता कामा नये, नाहीतर बुरशी लागते. वाळलेलं लाकूड सगळंच चुलीत घालू नका, भुंग्यासाठी एखादा ओंडका राहू द्या.

आता खाणं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. फुलं लावतात पण सगळी एकाच महिन्यात. आपल्याला वर्षभर काहीतरी उमललेलं पाहिजे. पावसाळ्यात तीळ, काकडी, दोडका, त्यानंतर बोर, मग तूर, थंडीत कोथिंबीर, मोहरी, ओवा, पुढे शेवगा, जांभूळ, करंज. आणि एकदांडी! बांधावरचं ते पिवळ्या-पांढऱ्या फुलाचं तण, तणनाशकाचा पहिला फवारा त्याच्यावरच जातो, पण दुसरं काही नसतं तेव्हा माश्या त्याच्यावर जगतात. पाण्यासाठी उथळ परात, त्यात खडे, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

कांदा बीजवाल्यांसाठी एक सांगतो. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माश्यांना तो फारसा आवडत नाही, शेजारी मोहरी फुललेली असली की कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांना टांग मारून तिकडे जातात. म्हणून मोहरी-कोथिंबीर अशी पेरा की गोंडे उमलायच्या आत तिचा फुलोरा संपत आलेला असेल. पेटी आणायचीच असेल तर थोडे गोंडे उमलल्यावर आणा, आधी आणली तर माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते.

फवारणी फुलोऱ्यात शक्यतो नकोच, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखं कीटकनाशक तर अजिबात नको. अगदीच गळ्याशी आलं तर दिवस मावळल्यावर, आणि शेजाऱ्याला पण सांगा, माशीला सातबारा कळत नाही.

मध हा यातला बोनस समजा. चव बघायची तर तोंडात चहा-मसाला काही नको, फिक्या रंगाच्या मधापासून सुरुवात करून गडद मधाकडे जायचं, मध्ये कोमट पाण्याची गुळणी. जांभळाचा मध गडद, शेवटी जिभेवर कडसर तुरटपणा राहतो. ओव्याचा उग्र, नाकात जातो. डंख न मारणाऱ्या बारीक माशीचा पातळ आणि आंबट, पहिल्यांदा खाणाऱ्याला खराबच वाटतो. महाबळेश्वरकडे कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हाचा मध मिळाला तर सोडू नका. सूर्यफुलाचा किंवा मोहरीचा मध लवकर साखरेसारखा गोठतो, ती भेसळ नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतो, गॅसवर तापवू नका. आणि पाण्यात थेंब टाकून शुद्धता बघायचा तो व्हिडिओवाला प्रकार सोडून द्या, त्याने काही कळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कुठलाच मध चाटवू नका, घरचा असला तरी.

मध काढताना मेणाने बंद झालेली पोळीच काढायची. पोळ्याच्या उघड्या राहिलेल्या घरांतल्या मधात पाणी जास्त असतं, २० टक्क्यांच्या वर गेलं की बाटलीत आंबून फसफसतो. बरणीवर महिना लिहून ठेवा, त्यावरून कुठल्या फुलाचा असेल याचा अंदाज लागतो. माझी मार्चची बरणी उघडली तेव्हा आईने बोट लावून वास घेतला आणि म्हणाली, फोडणीचा चमचा घातलास का रे यात? कांद्याचाच मध होता तो, ताजा असताना येतो वास. दोन महिने फडताळात ठेवला, मग तिनेच भाकरीबरोबर संपवला.