कोलिस्टिनची एमआयसी चुकते कुठे? लॅबमधल्या या चुका टाळा

कार्बापेनेम गटातल्या प्रबळ प्रतिजैविकांनाही दाद न देणारी क्लेबसिएला (एक जीवाणू) वाढली, की आयसीयूतून फोन येतो, "कोलिस्टिन चालेल का?" उत्तर एमआयसीवर, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणावर ठरतं. घाईत औषधाची डिस्क लावून झोन (तिच्याभोवती जंतू न वाढलेली जागा) मोजला, की गणित तिथेच चुकतं. पॅनीबॅसिलस पॉलिमिक्सा या जीवाणूपासून मिळणारं हे पॉलिपेप्टाइड प्रतिजैविक. त्याचा रेणू मोठा आणि धनभारित, त्यामुळे अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) तो नीट पसरत नाही. औषधाला बळी पडणारा जंतू आणि न पडणारा, दोघांचे झोन जवळपास सारखेच दिसतात. ग्रेडियंट स्ट्रिपचं (चढत्या प्रमाणात औषध असलेल्या पट्टीचं) तेच.

म्हणून ब्रॉथ मायक्रोडायल्युशन करावं, म्हणजे ट्रेच्या खळग्यांतल्या ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदलून जंतू कुठे वाढत नाही ते पाहावं. पण तिथेही हा धनभार पाठ सोडत नाही. ट्रेच्या प्लास्टिकला औषध चिकटतं. टिश्यू कल्चरसाठी प्रक्रिया केलेले ट्रे तर नकोतच. चिकटू नये म्हणून पॉलिसॉर्बेट-८० हा साबणासारखा पदार्थ घालायचा मोह होतो, तोही आवरावा. त्याने एमआयसी खोटी कमी येते. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण ठरलेलाच म्युलर-हिंटन ब्रॉथ घ्या, कारण जंतूच्या बाह्य आवरणावर कोलिस्टिन याच आयनांची जागा बळकावतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे वॉर्डातली इंजेक्शनची बाटली चाचणीला वापरणं. तिच्यात कोलिस्टिमेथेट सोडियम असतं. ते स्वतः निष्क्रिय, ब्रॉथमध्ये हळूहळू कोलिस्टिनमध्ये बदलतं, आणि आकडा भलताच येतो. चाचणीला कोलिस्टिन सल्फेटच हवं.

कंट्रोल म्हणून नुसता ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (औषधाला बळी पडणारा प्रमाणित जंतू) ठेवला तर प्रतिरोध पकडला जातोय का, हे कळत नाही. सोबत कोलिस्टिनला प्रतिरोध देणारं एमसीआर-१ जनुक असलेला ई. कोलाय एनसीटीसी १३८४६ लावा. त्याची एमआयसी मिलीला ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास यायला हवी. प्लाझमिडवरून (एका जंतूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावरून) पसरणारं हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं.

प्रोटियस, सेराशिया, मॉर्गनेला यांच्यावर चाचणी करून वेळ घालवू नका, ते जन्मजात प्रतिरोधक. आणि एमआयसी २ आली म्हणून रिपोर्टवर 'एस' (ससेप्टिबल, म्हणजे औषध लागू पडेल) छापू नका: चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० पासून ती श्रेणीच काढलीय, २ किंवा कमी म्हणजे 'इंटरमीजिएट'.

मायक्रोडायल्युशन झेपत नसेल तर त्याच १० मायक्रोग्रॅमच्या डिस्क वेगळ्या रीतीने कामी येतात. १० मिली ब्रॉथच्या चार नळ्यांत ०, १, २ आणि ४ डिस्क टाकून अर्धा तास थांबा, मग जंतू घाला. मात्र ही पद्धत एंटेरोबॅक्टेरालिस (ई. कोलाय, क्लेबसिएला यांचा गट) आणि स्युडोमोनास एरुजिनोसापुरतीच. ॲसिनेटोबॅक्टरला मायक्रोडायल्युशनच लागतं.