स्वस्त ॲम्प्लिफायर सुधारताना: आधी पुरवठा, मग गेन, शेवटी कपॅसिटर

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, घरगुती वापराचे जे छोटे ॲम्प्लिफायर बोर्ड मिळतात त्यांत दोन घराणी ठळक आहेत. एक जुने घराणे सॅन्योच्या एलए ४४४० या आयसीचे, म्हणजे चिपचे. ही आयसी मुळात गाडीतल्या टेपसाठी बनवलेली, पण आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याच्या डब्यासह ती घरोघर पोहोचली. दुसरे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या क्लास-डी (झपाट्याने चालू-बंद होऊन सिग्नल वाढवणाऱ्या) आयसीचे, जे लॅपटॉपच्या ॲडॅप्टरवरही चालते. दोन्ही आयसी आपापल्या परीने चांगल्या आहेत. काटकसर झालेली असते ती त्यांच्या भोवतीच्या सुट्या भागांत, आणि थोड्या खर्चात सुधारणा करायला वाव आहे तो तिथेच. मात्र हौशी मंडळी बहुधा सिग्नलच्या वाटेतल्या महागड्या कपॅसिटरपासून सुरुवात करतात, जे खरे तर सर्वांत शेवटी करायचे काम आहे.

डबा उघडण्यापूर्वी दोष नेमका कुठला हे कानाने ओळखावे. आवाजाची कळ शून्यावर असतानाही स्पीकरमधून जाडसर घुमणारा आवाज येत असेल तर वीजपुरवठा कमी पडतो आहे. कळ शून्यावर असताना वाफ सुटल्यासारखा बारीक आवाज येत असेल तर गेन, म्हणजे सिग्नल जितक्या पटींनी वाढवला जातो ते प्रमाण, गरजेपेक्षा जास्त आहे. मोबाइल जोडल्यावर सगळे शांत, पण सेट-टॉप बॉक्स किंवा संगणक जोडताच घरघर सुरू होत असेल, तर दोष ॲम्प्लिफायरचा नसून ग्राउंडचा, म्हणजे उपकरणांमधल्या सामाईक शून्य-व्होल्ट जोडणीचा, आहे आणि त्यासाठी बोर्डावर काहीही बदलून उपयोग नाही. बास अगदीच पातळ वाटत असेल तर आधी दोन्ही स्पीकरच्या वायरी प्लसला प्लस अशाच जोडल्या आहेत ना हे पाहावे. एक स्पीकर उलटा जोडलेला असला की बास जागच्या जागी विरतो, आणि ही दुरुस्ती फुकट होते.

४४४० च्या डब्यात २३० व्होल्टची बाजू उघडी असते, म्हणून प्लग काढून, मोठा कपॅसिटर रिकामा झाल्याची मल्टिमीटरने खात्री करूनच हात घालावा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला, फ्यूज नसेल तर पहिली सुधारणा तीच समजावी. त्यानंतर पुरवठ्याचा हिशेब मांडावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर) कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरला जातो, आणि दोन भरण्यांमध्ये त्याचे व्होल्टेज किती घसरेल हे ढोबळमानाने विद्युतप्रवाह भागिले १०० भागिले फॅरड या सूत्राने काढता येते. १ ॲम्पिअर ओढला जात असताना १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर हे उत्तर १० व्होल्ट येते, तर ४७०० मायक्रोफॅरडवर साधारण २ व्होल्ट. प्रत्यक्षात घसरण यापेक्षा थोडी कमी असते, पण १५-१६ व्होल्टच्या पुरवठ्यात एवढी दरी पडल्यावर तबल्याचा बायाँ का फाटतो हे वेगळे सांगायला नको. म्हणून ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर बसवावा आणि त्याच बैठकीत ब्रिजमधले १ ॲम्पिअरचे १एन ४००७ डायोड काढून ३ ॲम्पिअरचे १एन ५४०८ लावावेत, कारण मोठा कपॅसिटर भरताना डायोडवर जास्त ताण येतो.

इथे एका बारीक गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ब्रिजकडून येणारी निगेटिव्ह वायर थेट कपॅसिटरच्या पायावर यावी, आणि बोर्डाचे व स्पीकरचे ग्राउंड त्याच पायावरून स्वतंत्र वायरींनी निघावे. ही वायर ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या मधूनच बोर्डाकडे वळवलेली असेल, तर भरणीच्या प्रवाहाचे धक्के इनपुटच्या ग्राउंडमध्ये मिसळतात आणि कपॅसिटर कितीही मोठा घेतला तरी घुमणे जात नाही. तयार डब्यांत ही वायर चुकीच्या ठिकाणी लागलेली दिसते आणि ती हलवणे हे सोल्डरच्या दोन डागांचे काम आहे.

टीपीए ३११६ च्या बाबतीत किती व्होल्टचा ॲडॅप्टर घ्यावा हा प्रश्न आधी येतो. आयसी ४.५ ते २६ व्होल्टवर चालते. पुरवठ्याच्या व्होल्टेजचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागले की आवाज फाटण्यापूर्वी मिळू शकणारे वॅट कळतात: ८ ओहमच्या स्पीकरवर १२ व्होल्टला ९ वॅट, १९ व्होल्टला साधारण २२ आणि २४ व्होल्टला ३६. खोक्यावर काहीही छापलेले असो, याहून जास्त मिळणे शक्य नाही. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारची भिंत सामाईक असताना, सरासरी वापर १-२ वॅटचाच असतो आणि बाकीचे वॅट सुरांच्या उंच उसळ्यांसाठी लागतात. म्हणून जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ६५ वॅटचा चांगल्या कंपनीचा ॲडॅप्टर मी २४ व्होल्टच्या बेनामी ॲडॅप्टरपेक्षा केव्हाही पसंत करीन. आयसीच्या शक्य तितक्या जवळ १००० ते २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंश तापमान सोसणारा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावावा. २५ व्होल्टचा लावू नये, त्यात पुरेशी मोकळीक राहत नाही. आणि हौसेपोटी १०,००० मायक्रोफॅरडही लावू नये, कारण सुरू होतानाच ॲडॅप्टर त्याला शॉर्ट समजून बंद पडतो आणि त्याचा दिवा लुकलुकत राहतो.

आता गेन. स्वस्त बोर्डात सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथे पडतो, असे माझे ठाम मत आहे. टीपीए ३११६ मध्ये २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल अशा चार पायऱ्या असून त्या आठव्या पायाला जोडलेल्या दोन रेझिस्टरवरून ठरतात. २६ डेसिबलसाठी ग्राउंडकडे २० किलोओहम आणि सातव्या पायाकडे १०० किलोओहम असतात. वरचा १०० चा काढून टाकून २० च्या जागी ५.६ किलोओहम लावला की गेन २० डेसिबलवर, म्हणजे २० पटींवरून १० पटींवर येतो. मोबाइल १ व्होल्ट देतो असे धरले तरी १० पटींना स्पीकरवर १० व्होल्ट, म्हणजे ८ ओहमला १२ वॅट मिळतात, जे घराला पुरून उरतात. वाफेसारखा आवाज लक्षणीय उतरतो आणि आवाजाची कळ पूर्वी जी घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे नेता येत नसे ती आता अर्ध्यापर्यंत आरामात फिरते. या कळीमागच्या दुहेरी पॉटचे (बदलत्या रेझिस्टरचे) दोन भाग तळाशी सारखे नसतात, त्यामुळे हळू आवाजात एक स्पीकर दबल्यासारखा वाटतो. कळ वर सरकल्याने तेही बरेचसे सुटते. हे रेझिस्टर मोहरीएवढे असल्याने बारीक टोकाची सोल्डरिंगची कावी, फ्लक्स आणि चिमटा लागतोच. आयसी हे मूल्य फक्त सुरू होताना वाचते, म्हणून चालू बोर्डावर प्रयोग करून काही कळणार नाही.

याच बदलातून आणखी एक लाभ मिळतो. २६ डेसिबलला आयसीचा इनपुट रोध ३० किलोओहम असतो, तो २० डेसिबलला ६० होतो. इनपुटवर ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर बासची उतरण आधी २४ हर्ट्झपासून सुरू होत होती, ती आता १२ पासून होईल, आणि १ मायक्रोफॅरड असेल तर चिंताच नाही. म्हणूनच कपॅसिटर बदलण्याचा विचार गेन बदलल्यावर करावा, आधी नव्हे. त्यानंतरही बदलायचाच असेल तर चिनी मातीच्या बारीक चिप कपॅसिटरऐवजी १ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा पॉलिएस्टर बॉक्स कपॅसिटर घ्यावा आणि प्रत्येक चॅनेलच्या प्लस व मायनस अशा दोन्ही इनपुटला एकाच मूल्याचा लावावा, नाहीतर सुरू करताना ‘ठप्प’ असा आवाज येतो.

४४४० चा गेन ५१.५ डेसिबल, म्हणजे सुमारे ३७५ पट आहे. पूर्ण ६ वॅटसाठी त्याला जेमतेम १३ मिलिव्होल्ट पुरतात आणि मोबाइल त्याच्या पाऊणशे पट देतो. उपाय साधा आहे: पॉटच्या आधी, ॲम्प्लिफायरच्या डब्यातच, प्रत्येक चॅनेलला मालिकेत २२ किलोओहम आणि त्यानंतर ग्राउंडला १ किलोओहम लावावा. सिग्नल २३ पट उतरतो आणि बाहेरच्या वायरीत शिरलेली घरघरही तितकीच उतरते. आयसीची स्वतःची कुजबुज मात्र याने जात नाही, ते गृहीत धरावे. याच बोर्डावर स्पीकरच्या वाटेत १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. ४ ओहमच्या स्पीकरला तो ४० हर्ट्झपासूनच बास कापतो, २२०० चा घातला की ती सीमा १८ वर जाते.

ऑपॲम्प (इनपुटचा सिग्नल हाताळणारी छोटी आयसी) बदलण्याचा नाद मात्र या किमतीच्या बोर्डावर करू नये. एनई ५५३२ तिथे असेल तर तो पुरेसा आहे, आणि त्याच्या जागी आणलेला वेगवान ऑपॲम्प शेजारी योग्य कपॅसिटर नसल्याने स्वतःच थरथरू लागण्याची शक्यता अधिक. सुट्या कपॅसिटरबाबतही सावध असावे. बाजारात नामवंत कंपनीची छपाई असलेला नकली माल मिळतो, म्हणून दुकानातच कपॅसिटरचे मूल्य मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर दोन-तीन नग तपासून मागावेत. क्लास-डी बोर्डावरील १० मायक्रोहेन्रीची कॉइल चटका बसण्याइतकी तापत असेल तर ३-४ ॲम्पिअर सहज सोसणारी घ्यावी. सेट-टॉप बॉक्सच्या घरघरीवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घालणे हा खात्रीचा उपाय आहे. त्याच पुरवठ्यावरच्या ब्लूटूथ मोड्यूलची कुरकुर असेल तर त्याला बी०५०५एस हा ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर वेगळा द्यावा. समुद्राजवळच्या घरांत पॉट आणि आरसीए सॉकेट पावसाळ्यात खरखरू लागतात. तिथे भाग बदलण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहावा.

सगळे जोडून झाल्यावर चांगला स्पीकर लगेच लावू नये. टीपीए ३११६ ची जोडणी ब्रिज प्रकारची (डायोडचा ब्रिज नव्हे; इथे स्पीकरचे कोणतेच टोक ग्राउंडला नसते) असल्याने स्पीकरच्या दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज दिसते, हा दोष नव्हे. मात्र दोन टोकांमध्ये ते २० मिलिव्होल्टच्या आत असावे. याच कारणाने दोन स्पीकरच्या मायनस वायरी कधीही एकत्र करू नयेत, आणि जुन्या म्युझिक सिस्टिमचे तीन वायरींचे स्पीकर या बोर्डाला जोडूच नयेत. ४४४० च्या टोकांवर, कपॅसिटरनंतर, जवळपास शून्य दिसायला हवे. त्यानंतर ८ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर किंवा एखादा टाकाऊ स्पीकर लावून अर्धा तास मध्यम आवाजात चालवावे, हीटसिंकला बोट लावून पाहावे, व्होल्टेज पुन्हा मोजावे आणि मगच नेहमीचे स्पीकर जोडावेत.