रॅम 'रिकामी' करण्याचा नाद सोडा: डिस्क कॅशे आणि स्वॅपबाबत या चुका टाळा

मशीन जरा मंद वाटलं की सगळ्यांची नजर आधी मोकळ्या रॅमच्या आकड्याकडे जाते. १६ जीबीपैकी जेमतेम ४०० एमबी मोकळी दिसते आणि लगेच रॅम क्लीनरची शोधाशोध सुरू होते. निदान इथेच चुकतं. डिस्कवरून एकदा वाचलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिम मुद्दाम रॅममध्ये ठेवून घेते, यालाच डिस्क कॅशे म्हणतात. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला काही मिलिसेकंद, म्हणजे दहा हजारांच्या पटीत जास्त. प्रोग्रॅमला जागा हवी झाली की कॅशेमधली न बदललेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) लगेच सोडली जातात, कारण त्यांची मूळ प्रत डिस्कवर असतेच.

म्हणून लिनक्सवर 'फ्री' कमांड चालवल्यावर 'फ्री'चा रकाना सोडून 'अव्हेलेबल'चा बघा. खरी उरलेली जागा तिथे कळते. कॅशे दर तासाला पुसणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला असेल तर तो आजच काढा. पुसलेल्या फाइली पुन्हा डिस्कवरूनच वाचाव्या लागतात. विंडोजवरचे क्लीनर तर चालू प्रोग्रॅमची पानंही बाहेर ढकलतात. आकडा छान दिसतो, आणि पुढच्याच क्लिकला सगळं अडखळतं.

स्वॅप, म्हणजे रॅममधली पानं हलवून ठेवायची डिस्कवरची जागा, वापरला गेलाय म्हणून घाबरू नका. दोन जीबी स्वॅपमध्ये नुसती पडून असतील तर काहीच बिघडलेलं नाही. बघायचं असतं ते येणं-जाणं. लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट १' चालवा आणि 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये येणं), 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये जाणं) हे रकाने पाहा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत दोन्ही आकडे सतत मोठे राहिले, तर मेमरी खरोखर कमी पडते आहे. मग ती खाणारी प्रोसेस शोधा. 'स्वॅपीनेस' ही लिनक्सची सेटिंग बदलून हे सुटत नाही. त्याचं नेहमीचं मूल्य ६० असतं, पण रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, ही समजूत चुकीची आहे. प्रोग्रॅमची पानं काढायची की फाइल कॅशेची, याचा तो फक्त कल आहे.

स्वॅप पूर्ण बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. स्वॅप नसला की प्रोग्रॅमचा न वापरलेला डेटा रॅममधून हलवता येत नाही. मेमरी संपत आली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फाइलींची पानं टाकतो, आणि त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही असतो. तोच कोड पुढच्या क्षणी परत वाचावा लागतो. ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) एखादी प्रोसेस मारेपर्यंत माउससुद्धा हलत नाही. विंडोजमध्ये कमिटची, म्हणजे प्रोग्रॅमना देऊ केलेल्या एकूण मेमरीची, मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (विंडोजचा स्वॅप). पेजफाइल काढली तर रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्रॅमला मेमरी नाकारली जाऊ शकते.

शेवटची चूक थेट डेटावर बेतते. कॉपी संपल्याचं दिसलं म्हणून पेनड्राइव्ह उपटू नका. लिहिलेलं आधी रॅममध्ये 'डर्टी' पान, म्हणजे अजून डिस्कवर न उतरलेलं पान, म्हणून राहतं. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते सुमारे ३० सेकंद तसंच असू शकतं. इजेक्ट करा किंवा 'सिंक' (डर्टी पानं डिस्कवर उतरवणारी कमांड) चालवून कमांड संपेपर्यंत थांबा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी 'राइट' यशस्वी झालं एवढ्यावर विसंबू नये. वीज गेली तरी नोंद टिकायला हवी असेल, तर 'एफसिंक' (ती फाइल डिस्कवर उतरवायला लावणारा कॉल) करा आणि त्याने परत दिलेली एरर तपासा.